आपला ब्लॉग फेडिव्हर्सला कसा जोडायचा: खानदेशातल्या नव्या लिहित्यांसाठी

चार वर्षं मी अहिराणी शब्द एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीच्या पानावर लिहीत होते. आठवड्याला तीन-चार शब्द. सासूबाई बोलता बोलता एखादा शब्द टाकायच्या, मी तो वहीत टिपून घ्यायचे आणि रात्री आवरासावर झाली की फोनवरून चढवायचे. खाली लोक लिहायचे: आमच्या शिरपूरकडे असं म्हणतात, नंदुरबारकडे तसं, चाळीसगावच्या मामांकडे तिसरंच. एका सकाळी पान उघडेना. नियमांचं उल्लंघन झालं, एवढंच एक वाक्य. कुठला नियम, कुठली पोस्ट, काही कळलं नाही. तीनदा दाद मागितली, तिन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर. माझे शब्द वहीत होते म्हणून वाचले. लोकांनी त्याखाली लिहिलेलं सगळं गेलं, आणि त्या पानाचा जीव त्यातच होता.

तेव्हापासून लिहायचं ते आपल्या मालकीच्या जागेवर, असं ठरवलं. पण नुसता ब्लॉग काढला तर तिकडे कोण फिरकणार? लोक दिवसभर आपापल्या फीडमध्ये असतात, कुणाचा ब्लॉग आठवणीने उघडून बघायला आता फारसं कुणी जात नाही. या अडचणीवर मला सापडलेला उपाय म्हणजे ब्लॉग फेडिव्हर्सला जोडणे. लिखाण आपल्याच ब्लॉगवर राहतं, पण वाचणारा त्याच्या अ‍ॅपमधून ब्लॉगला फॉलो करतो, पोस्ट त्याच्या फीडमध्ये जाते आणि त्याने तिथे दिलेलं उत्तर आपल्या ब्लॉगखाली येऊन बसतं. उद्या त्याचं अ‍ॅप बंद पडलं तरी ते उत्तर आपल्याकडे असतं. मला हेच हवं होतं.

हे आहे तरी काय

ईमेलचं उदाहरण घ्या. तुमचं खातं जीमेलवर, माझं रेडिफवर, तरी आपण एकमेकांना पत्रं पाठवतो, कारण दोन्हीकडच्या यंत्रांनी पत्र देण्याघेण्याची एकच पद्धत मान्य केली आहे. सोशल मीडियात असं नव्हतं. एका कंपनीच्या अ‍ॅपमधून दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमधल्या माणसाला फॉलो करता येत नाही. ही देवाणघेवाण व्हावी म्हणून अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाची पद्धत तयार झाली आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 23 जानेवारी 2018 रोजी तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ही पद्धत बोलणारे जेवढे सर्व्हर आहेत त्यांच्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

त्यात सर्वांत माहितीचं नाव मॅस्टोडॉन. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी ते 2016 मध्ये सुरू केलं. मॅस्टोडॉन ही एकच साइट नसून हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे. फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओसाठी पीअरट्यूब. आणि तुमचा ब्लॉगसुद्धा यातलाच एक सर्व्हर होऊ शकतो. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं: आपण कुणाच्या साइटवर खातं काढत नाही आहोत, आपला ब्लॉगच एक खातं होणार आहे.

पहिली पायरी: नाव आधी पक्कं करा

घाई सगळ्यांना प्लगइन, म्हणजे ब्लॉगला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, बसवायची असते. थांबा. फेडिव्हर्समधला पत्ता दोन भागांचा असतो: @नाव@डोमेन. दुसरा भाग म्हणजे तुमच्या ब्लॉगचं डोमेन, इंटरनेटवरचं त्याचं नाव, आणि फॉलो करणाऱ्यांचे सर्व्हर तुम्हाला त्याच पत्त्याने ओळखतात. डोमेन बदललं की त्यांच्या लेखी तुम्ही वेगळेच कुणीतरी होता.

माझा भाचा शिरपूरकडे राहतो, कापूस आणि केळीवर लिहितो. त्याने फुकटच्या उपडोमेनवर ब्लॉग जोडला, दोन महिन्यांत साठेक जण फॉलो करायला लागले, आणि मग त्याने हौसेने स्वतःचं डोमेन घेतलं. नव्या पत्त्यावर पहिली पोस्ट टाकून दोन दिवस वाट पाहिली. “मावशी, एकाचंही उत्तर नाही गं,” त्याचा फोन. उत्तर येणार कुठून? ती पोस्ट कुणापर्यंत गेलीच नव्हती, साठही जण जुन्या पत्त्यावर राहिले होते. म्हणून डोमेन घ्यायचं असेल तर जोडायच्या आधी घ्या. साध्या डोमेनला वर्षाला हजार-बाराशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. नुकतंच लिहायला लागला असाल आणि तो जड वाटत असेल तर फुकटच्या पत्त्यावर सहा महिने लिहा, हात बसू द्या, जोडणी नंतर करा.

नावासंबंधी आणखी दोन गोष्टी मराठीत लिहिणाऱ्यांना कुणी सांगत नाही. एक, ‘.भारत’ शेवटी असलेलं देवनागरी डोमेन घेता येतं आणि मनात अभिमानही वाटतो, पण यंत्रं आतून त्याचं रोमन अक्षरांच्या एका अगम्य ओळीत रूपांतर करतात, आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये तीच ओळ लोकांना दिसते. फोनवर सांगता येईल आणि समोरच्याला न चुकता टाइप करता येईल असं रोमन डोमेन घ्या. दुसरं, ब्लॉग ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सकट चालवायचा की त्याशिवाय, हे एकदाच ठरवा आणि त्यात पुन्हा बदल करू नका.

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ हवंच. ब्राउझरमध्ये ‘सुरक्षित नाही’ असा इशारा दिसत असेल तर होस्टिंगवाल्याकडून, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर तुमचा ब्लॉग ठेवला आहे त्याच्याकडून, फुकटचं एसएसएल प्रमाणपत्र बसवून घ्या. बहुतेक ठिकाणी एका क्लिकचं काम असतं.

दुसरी पायरी: आधी वाचक म्हणून आत जा

मॅस्टोडॉनवर स्वतःचं एक साधं खातं काढा. ब्लॉग नीट जोडला गेला का, हे बाहेरून तपासायला ते लागतंच. शिवाय ज्या गावात दुकान मांडायचं तिथल्या बाजारातून आधी एक फेरी मारलेली बरी. सर्व्हर निवडताना त्याचं ‘आमच्याविषयी’ हे पान वाचा: चालवणारं कोण, नियम काय, कुठल्या वागण्यावर काढून टाकतात. बराच काळ चालू असलेला आणि नियम स्पष्ट लिहिलेला सर्व्हर घ्या. पुढे न जमल्यास खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं, फॉलो करणारे बरोबर येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत.

पंधरा दिवस नुसतं वाचा. इथे तुमच्यापुढे काय यावं हे ठरवणारं यंत्र नसतं. ज्यांना फॉलो करता त्यांचं लिखाण वेळेच्या क्रमाने येतं. मॅस्टोडॉनवर एका पोस्टला साधारण 500 अक्षरांची मर्यादा असते, ब्लॉगवरून येणाऱ्या पोस्टला ती लागू नाही.

तिसरी पायरी: वर्डप्रेसवर जोडणी

वर्डप्रेस वापरत असाल तर काम अर्ध्या तासाचं आहे. फोनवरूनही होतं, पण पहिल्यांदा करताना कॉम्प्युटर घ्या. सायबर कॅफेत बसून करत असाल तर पासवर्ड जतन करू नका आणि उठताना लॉगआउट करा.

सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्स, म्हणजे पोस्टचे पत्ते कसे बनवायचे ते ठरवणारं पान, उघडा. तिथे ‘प्लेन’ निवडलेलं असेल तर जोडणी होणार नाही. ‘पोस्ट नेम’ निवडून जतन करा. आता प्लगइन्समध्ये जाऊन ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ शोधा. हे प्लगइन माथियास फेफर्ले यांनी लिहिलं. 2023 मध्ये ते ऑटोमॅटिक या कंपनीने आपल्याकडे घेतलं, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम जी चालवते तीच कंपनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्डप्रेस डॉट कॉमवरच्या सगळ्या ब्लॉगना ही सोय मिळाली, फुकटच्या योजनेतल्यांनाही. तिथे वेगळं प्लगइन शोधायची गरज नाही, सेटिंग्जमध्ये फेडिव्हर्सचं बटण आहे, ते चालू करायचं.

स्वतःच्या होस्टिंगवर प्लगइन बसवून चालू केलं की ते एक प्रश्न विचारतं: फॉलो कुणाला करायचं, लेखकाला की ब्लॉगला? एकट्याने लिहिणाऱ्याला लेखकाचं प्रोफाइल पुरतं. शाळेचा, वाचनालयाचा किंवा दोघातिघांचा मिळून ब्लॉग असेल तर ब्लॉगचं प्रोफाइल घ्या, म्हणजे एक जण सोडून गेला तरी वाचक जागच्या जागी राहतात. दोन्ही एकदम चालू करता येतात, पण नव्या माणसाने तसं करू नये. तीच पोस्ट दोन नावांनी दिसायला लागते आणि वाचक गोंधळतो.

प्रोफाइलला फोटो आणि दोन ओळींची ओळख द्या. रिकाम्या चेहऱ्याच्या खात्याला लोक फॉलो करत नाहीत. साइटची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी करून ठेवा. पोस्टबरोबर ती खूण जाते आणि भाषेनुसार गाळणी लावून वाचणाऱ्यांना तुम्ही सापडता.

तपासणी अशी करा. मॅस्टोडॉनच्या शोधात तुमच्या ब्लॉगचा पूर्ण पत्ता टाका, दोन्ही ‘@’ चिन्हांसकट. फोटो आणि ओळख दिसली की फॉलो करा, आणि मग एक नवी पोस्ट टाका. नवीच टाका, कारण जोडणीच्या आधीच्या पोस्ट आपोआप कुणाकडे जात नाहीत. प्रोफाइल उघडून ‘इथे काहीच नाही’ असं दिसलं म्हणून बरेच जण प्लगइन काढून टाकतात. त्यात बिघाड काही नसतो. एखादी जुनी पोस्ट लोकांपर्यंत न्यायचीच असेल तर तिचा पत्ता मॅस्टोडॉनच्या शोधात चिकटवा. ती ओढून आणली जाते, मग आपल्या मॅस्टोडॉन खात्यावरून ती पुढे पाठवता येते.

नवी पोस्टही लगेच दिसत नाही कधी कधी. वर्डप्रेस अशी पाठवापाठवीची कामं रांगेत लावतं, आणि कुणीतरी ब्लॉगला भेट दिली की ती रांग पुढे सरकते. आपल्यासारख्यांच्या ब्लॉगवर रात्री अकराला कोण येणार? पोस्ट टाकली की स्वतःच ब्लॉगचं मुखपृष्ठ दुसऱ्या ब्राउझरमध्ये एकदा उघडा. माझ्याकडे अडकलेली पोस्ट दर वेळी अशीच निघाली आहे.

पोस्टच्या पत्त्यांचं एक

हे मला फार उशिरा कळलं. वर्डप्रेस शीर्षकावरून पोस्टचा पत्ता बनवतं. मराठी शीर्षक असेल तर देवनागरीच्या एकेका खुणेची आतून रोमन नऊ चिन्हं होतात, आणि या भागाला मर्यादा आहे 200 चिन्हांची. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजून जेमतेम 22 खुणा बसतात. मी ‘कानबाईच्या रोटांची तयारी कशी करतात’ असं शीर्षक दिलं तर पत्ता ‘तयारी’पाशी संपला, ‘कशी करतात’ गळून पडलं. शिवाय तो पत्ता कुठे चिकटवला की टक्केवारीच्या चिन्हांची पाच ओळींची माळ दिसायची. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांना तो व्हायरस वाटला, कुणी उघडेना.

उपाय सोपा आहे. शीर्षक मराठीतच राहू द्या, पोस्टच्या उजवीकडच्या पट्टीत ‘स्लग’ किंवा ‘यूआरएल’ असं असतं तिथे रोमन लिपीत दोन-तीन शब्द लिहा: कानबाई-रोट, एवढंच. प्रकाशित करण्याआधी करा. नंतर बदललं तर आधी वाटलेल्या लिंकचा भरवसा राहत नाही.

बिघाड कुठे होतो

प्रोफाइल सापडतच नसेल तर वर्डप्रेसच्या ‘टूल्स’मध्ये ‘साइट हेल्थ’ उघडा. प्लगइन तिथे स्वतःच्या तपासण्या टाकतं आणि काय अडलं ते सांगतं. साधारण तीन कारणं निघतात. सुरक्षेचं एखादं प्लगइन बाहेरून येणाऱ्या यंत्रांना अडवतं, विशेषतः लेखकाच्या पानापाशी. किंवा वर्डप्रेस डोमेनच्या मुळाशी नसून आतल्या फोल्डरमध्ये बसवलेलं असतं. दुसरे सर्व्हर तुमची चौकशी मुळाशी, ‘वेबफिंगर’ नावाच्या ठरलेल्या ठिकाणी करतात, आणि तिथून आतल्या फोल्डरकडे वाट दाखवणारं कुणी नसतं. अशा वेळी होस्टिंगवाल्याला ‘वेबफिंगरचा पत्ता वर्डप्रेसकडे वळवून द्या’ असं लिहून पाठवा, त्यांना कळतं.

तिसरं कारण कॅशचं, आणि हे भाच्याकडे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. पोस्ट व्यवस्थित गेली होती, तेवढ्यात गावातल्या एका मित्राचा फोन: तुझी साइट हॅक झाली. आम्ही उघडून पाहिलं तर लेखाऐवजी महिरपी कंस आणि अवतरणचिन्हांनी भरलेलं पानच्या पान. भाच्याचा चेहरा उतरला. हॅक वगैरे काही नव्हतं. एकाच पत्त्यावर माणूस आला तर लेख द्यायचा आणि दुसरा सर्व्हर आला तर त्याच लेखाचं यंत्राला समजणारं रूप द्यायचं, असं हे काम चालतं. साइट वेगवान करणाऱ्या कॅश प्लगइनने सर्व्हरसाठीचं रूप जपून ठेवलं आणि पुढे येणाऱ्या माणसांनाही तेच वाढलं. कॅश रिकामी केली, लेख परत आला. पण दुसऱ्या पोस्टला पुन्हा तेच. शेवटी ते कॅश प्लगइन काढून अ‍ॅक्टिव्हिटीपबशी जुळणारं दुसरं बसवलं. लहान ब्लॉगला कॅश नसली तरी फारसं बिघडत नाही, तेव्हा शंका आली तर आधी तेच बंद करून पाहा.

ब्लॉगरवाल्यांनी काय करावं

खानदेशातल्या शिक्षकांचे, कवींचे कितीतरी जुने ब्लॉग ब्लॉगरवर आहेत, दहा-दहा वर्षांचे. ब्लॉगरमध्ये असं प्लगइन बसवायची सोय नाही. नेटाने लिहीत असाल तर वर्डप्रेसवर यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्डप्रेसच्या आयात करण्याच्या साधनांत ब्लॉगरसाठी वेगळा पर्याय आहे. हलवायच्या आधी ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून सगळ्या मजकुराची प्रत उतरवून घ्या आणि ती पेन ड्राइव्हवर ठेवा. हलवायचं नसलं तरी ही प्रत आजच घ्या.

हलायची तयारी नसेल तर हाताने करा: मॅस्टोडॉन खात्यावर लेखातला एखादा चांगला परिच्छेद टाका आणि खाली लिंक द्या. नुसती लिंक टाकू नका, कुणी उघडत नाही. शिवाय ब्लॉगवर मॅस्टोडॉन प्रोफाइलची लिंक देताना तिच्या कोडमध्ये ‘रेल’ या गुणधर्मात ‘मी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घाला आणि प्रोफाइलमध्ये ब्लॉगचा पत्ता लिहा. हा ब्लॉग याच माणसाचा आहे, हे मॅस्टोडॉन ताडून पाहतं आणि त्यापुढे हिरवी खूण करतं. पैसे लागत नाहीत. वर्डप्रेसवाल्यांनीही हे करून ठेवावं. बाकीची कोडची ओळ मॅस्टोडॉनच्या प्रोफाइल सेटिंग्जमध्ये ‘पडताळणी’खाली तयार मिळते, ती नुसती चिकटवायची.

घोस्ट वापरणाऱ्यांना 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ही सोय आतच मिळते. राइटफ्रीली तर मुळात फेडिव्हर्ससाठीच बनलेलं आहे, नुसतं लिहायचं आणि बाकी काही नको अशांना ते आवडेल. ह्यूगो, जेकिलसारख्या साधनांनी साइट बनवणाऱ्यांना ब्रिजी फेड नावाची फुकट सेवा वापरता येते.

ब्लूस्कायचं वेगळं आहे

ब्लूस्काय हे छोट्या पोस्टांचं दुसरं सोशल मीडिया. तेही विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या हाती नसलेलं, म्हणवतं, फेब्रुवारी 2024 पासून ते सगळ्यांना खुलं आहे. पण त्याची पद्धत वेगळी, अ‍ॅट प्रोटोकॉल नावाची. पाचोरा-जामनेरची पीजे, ती जुनी छोटी रेल्वे, आठवून बघा. पाचोऱ्याला मोठ्या लाइनची गाडी आणि पीजेची छोटी गाडी एकाच गावात उभ्या असायच्या, पण रुळांची रुंदी वेगळी. मुंबईचा डबा सरळ जामनेरला जायचा नाही, पाचोऱ्याला उतरून गाडी बदलायलाच लागायची. अ‍ॅक्टिव्हिटीपब आणि ब्लूस्कायमध्ये तसंच आहे, आणि गाडी बदलून देण्याचं काम ब्रिजी फेड करतं. तुमच्या मॅस्टोडॉन खात्यावरून त्यांच्या ब्लूस्काय-पुलाच्या खात्याला फॉलो केलं की तुमच्या सार्वजनिक पोस्ट तिकडे दिसू लागतात. त्या खात्याचा नेमका पत्ता त्यांच्या साइटवर आहे, तिथूनच उचला, कारण एका टिंबाचा फरक पडला तर पूल लागत नाही. अगदी नवीन आणि फोटो नसलेलं खातं ते घेत नाहीत.

ब्लूस्कायवर पोस्टला 300 अक्षरांची मर्यादा आहे, लांब मजकूर तिथे तुटतो. स्वतःचं डोमेन असेल तर तेच तिथलं नाव म्हणून वापरता येतं: ब्लूस्काय एक ओळ देतं, ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठे वळतं त्याच्या नोंदवहीत, टीएक्सटी नोंद म्हणून घालायची. नव्या माणसाने मात्र आधी फेडिव्हर्स नीट बसवावं, ब्लूस्काय त्यानंतर. दोन्ही एकदम सुरू केलं तर बिघाड कुठे आहे हे शोधता येत नाही.

जोडल्यावर कसं लिहायचं

प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये पूर्ण लेख पाठवायचा, सारांश पाठवायचा की फक्त शीर्षक आणि लिंक, हे ठरवता येतं. एक शब्द, एक ओवी, एक कृती असं छोटं लिखाण असेल तर पूर्ण पाठवा. लांब लेखाला सारांश द्या आणि तो स्वतः लिहा. वर्डप्रेस आपोआप घेतं तो सारांश म्हणजे पहिले काही शब्द असतात, वाक्याच्या मध्येच तुटलेले.

विषयाच्या खुणा, म्हणजे हॅशटॅग, इथे फार कामाचे आहेत. लिखाण वर ढकलणारं यंत्र नसल्यामुळे अनोळखी माणूस मुख्यतः हॅशटॅगवरूनच तुमच्यापर्यंत येतो. वर्डप्रेसमध्ये पोस्टला जे टॅग देता तेच हॅशटॅग होऊन जातात. देवनागरी टॅग चालतात. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही म्हणून एका शब्दाचे टॅग घ्या: #अहिराणी, #खानदेश, #मराठी, #केळी. तीन-चार पुरे.

फोटोला वर्णन लिहा. फेडिव्हर्समध्ये ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे वाचक बरेच आहेत आणि वर्णन नसलेला फोटो पुढे पाठवायला लोक कचरतात, ही तिथली चांगली रीत आहे. मी भरताचा फोटो टाकला तेव्हा नुसतं ‘भरीत’ लिहिलं होतं. मग बदलून असं केलं: ‘पऱ्हाटीच्या काड्यांच्या जाळात भाजलेली चार मोठी हिरवट वांगी, साल काळी पडून फाटलेली, आतून वाफ निघते आहे, शेजारी कळण्याच्या भाकरी.’ एका वाचकाने लिहिलं की वास आला. प्लगइन हे वर्णन फोटोबरोबर पाठवतं, तुम्ही फक्त फोटो चढवताना ‘ऑल्ट टेक्स्ट’ची चौकट भरायची.

उत्तरं ब्लॉगच्या टिप्पण्यांत येतात. पहिली टिप्पणी मंजुरीसाठी थांबेल अशीच सेटिंग ठेवा आणि रोज एकदा डोकावा. उत्तर देताना वर्डप्रेसमध्ये लॉगिन करूनच द्या, तरच ते त्या माणसाच्या अ‍ॅपपर्यंत परत जातं. मी ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ या शब्दांवर, म्हणजे मुलगा आणि मुलगी, लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी सुरतमधून उत्तर आलं. आपल्याकडची किती माणसं पोटापाण्यासाठी सुरतला गेली हे खानदेशात कुणाला सांगायला नको. त्यात एवढंच होतं: ‘मनी माय आजबी माले आंडोरच म्हनस.’ मी ब्लॉगवरून उत्तर दिलं, त्याने मॅस्टोडॉनवरून परत लिहिलं, असं करत त्याच्याकडून अकरा शब्द मिळाले, दोन माझ्या वहीत नव्हते. ते सगळं आता माझ्या ब्लॉगवर त्या पोस्टखाली आहे.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. पोस्ट एकदा गेली की तिच्या प्रती इतर सर्व्हरवर बसतात. तुम्ही ब्लॉगवरून ती काढली की प्लगइन त्यांना ‘काढून टाका’ असा निरोप पाठवतं, बहुतेक सर्व्हर तो पाळतात, पण पाळायला लावणारं कुणी नाही. बंद पडलेल्या सर्व्हरपर्यंत तो पोचतही नाही. म्हणून लहान मुलांचे फोटो, घराचा पत्ता, फोन नंबर, गावातल्या एखाद्या बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, हे प्रकाशित करायच्या आधी दोनदा विचार करा. ओव्या सांगणाऱ्या बायकांना मी आधी विचारते, हे गावाबाहेरची माणसंही वाचतील, चालेल का? आणि नाव घालायचं की नाही हे त्यांना ठरवू देते. चुका दुरुस्त करायला मात्र घाबरू नका. पोस्ट सुधारून जतन केली की सुधारणा इतरांकडेही जाते.

त्रास देणारा भेटला तर मंजुरी नाकारा, पुन्हा आला तर त्याचा पत्ता रोखा. एखाद्या सर्व्हरवरून सगळंच घाणेरडं येत असेल तर तो अख्खा सर्व्हर रोखायची सोय प्लगइनमध्ये आहे.

मॅस्टोडॉन खात्याला आधीपासून लोक फॉलो करत असतील आणि त्यांना ब्लॉगकडे आणायचं असेल तर तेही जमतं. ब्लॉगच्या प्रोफाइलमध्ये जुन्या खात्याचा पत्ता ‘उपनाव’ म्हणून नोंदवा आणि मॅस्टोडॉनच्या सेटिंग्जमधून खातं हलवायचा आदेश द्या. ब्लॉग दोन-तीन महिने सुरळीत चालल्यावरच हे करा, कारण हलवल्यावर लगेच परत फिरता येत नाही.

राहता राहिलं डोमेनचं नूतनीकरण. डोमेनची मुदत संपली तर ब्लॉग तर बंद होतोच, पण तुमचा फेडिव्हर्सचा पत्ताही त्याच दिवशी मरतो, आणि ते डोमेन दुसऱ्या कुणी घेतलं तर तुमच्या नावाच्या जागी तो बसतो. कार्डावरून आपोआप पैसे कापले जातील यावर विसंबू नका, कार्ड बदलतं, ओटीपी चुकतो. माझी मुदत श्रावणात संपते. कानबाईच्या रोटांसाठी गहू निवडायला घेतले की त्याच दिवशी पैसे भरायचे, असं दिनदर्शिकेच्या त्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे, आणि नवं वर्ष लागून नवी दिनदर्शिका आली की आधी ती ओळ उतरवते.